फुकट गेलेली वर्षं

त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि नवा माणूस हटकून विचारी, "कुठल्या शाळेत होता?" मास्तर शाळेत शिकायलासुद्धा बेताचेच गेले होते, शिकवायचं दूरच राहिलं. ते तिकीटमास्तर. समुद्राच्या तोंडावर जुना किल्ला आहे, त्याच्या दरवाजाशी एक खोपटं आहे, त्या खोपट्याला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीला एक अर्धगोल भोक आहे. त्या भोकामागे मास्तरांची सगळी नोकरी गेली. भोक इतकं लहान की त्यातून माणूस दिसत नसे, नुसता हात दिसे. हात यायचा, पैसे ठेवायचा, तिकीट उचलून जायचा. समुद्र पाठीमागे. त्याचा आवाज दिवसभर मानेवर पडायचा, पण वळून बघावं तर भिंत. म्हणजे मास्तरांनी उभी हयात समुद्र ऐकला आणि हात पाहिले.

रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की मास्तर आधी त्याच्या हाताकडे बघत, आणि मग म्हणत, "अच्छा, तुम्ही होय." लोकांना वाटे, काय विनयशील माणूस आहे, मान खाली घालून बोलतो.

निवृत्त झाले त्या संध्याकाळी ते सरळ समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसले. बसूनच राहिले. कुणी हात पुढे केला नाही, कुणी "दोन मोठे, एक लहान" म्हटलं नाही. सूर्य आपल्या सवडीनं पाण्यात उतरला, ढगांना जरा रंग लावून गेला, आणि त्याबद्दल कुणी काही आकारलं नाही. मास्तर घरी आले ते तरंगतच.

"अगं, सगळं फुकट आहे," ते दारातूनच म्हणाले.

"काय फुकट आहे?"

"समुद्र."

"मग? आजवर काय विकत होता?" बायको म्हणाली आणि तिनं पायानं मशीन सुरू केलं.

बायको शिवणकाम करी. शिवणकाम म्हणजे नवे कपडे नव्हेत, ती शिंप्यांची मिजास. हिच्याकडे यायचे ते आखूड झालेले, सैल पडलेले आणि मुख्य म्हणजे कमरेत रुसलेले कपडे. जुनी टीप उसवायची, नवी मारायची. म्हणून गल्लीत तिचं नाव टीपकाकू. शहरातल्या कुठल्या प्रतिष्ठित माणसाचं पोट कुठवर आलं आहे याची तिच्याइतकी खात्रीची माहिती डॉक्टरांकडेही नव्हती. पण तिच्या ओठांत कायम टाचण्या असत, त्यामुळे ती बाहेर फुटत नसे. नवऱ्याला शहराचे हात माहीत, बायकोला कमरा. चेहऱ्यांचं मात्र दोघांचंही कच्चंच.

खोली दुसऱ्या मजल्यावर. मशीन खिडकीशी, उजेडासाठी. आणि खिडकीसमोर गोदामाची उंच भिंत, तिच्यावर ओल येऊन येऊन काही देश आणि काही बेटं उमटलेली. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता, पण हाक मारायला कुणाला सवड होती?

सवड होती ती मास्तरांना. त्या पहिल्या संध्याकाळनंतर त्यांनी फुकटचं शहर धुंडाळायला घेतलं, आणि बघता बघता ते त्यात विरघळले. त्यांचं हे शहर दगडविटांचं नव्हतं, प्रहरांचं होतं. सकाळी मासळीच्या धक्क्यावर लिलाव चाले. पुकारणारा इतक्या वेगानं बोले की शब्द सुटे राहत नसत, त्यांची एक लांब ओली दोरी होई, आणि मास्तर ती दोरी धरल्यासारखे उभ्या उभ्या डुलत. मग गोदामांची गल्ली. तिथं मिरी, कॉफी, डांबर आणि भिजलेला दोरखंड यांचे वास आपापल्या दारात बसलेले असत, आणि मास्तर दोन्ही बाजूंना मान हलवत, सगळ्यांची विचारपूस केल्यासारखे जात. उन्हं चढली की वाचनालय. तिथं मोठे पंखे होते आणि पेपर धरून झोपायची सोय होती. पेपर सुलटा असला तर ग्रंथपाल उठवत नसे. भरतीच्या वेळी किल्ल्याच्या खंदकात समुद्र शिरे. तो येताना खेकडे आणी, फुगे फुटलेले आणी, आणि कुणाची तरी एक चप्पल आणी. नेहमी एकच. जोडीची दुसरी कुठं जाते हे मास्तरांना अजून कळलं नव्हतं, पण घाईही नव्हती.

संध्याकाळी संगीतशाळेच्या मागच्या खिडकीखाली वाद्यवृंदाचा सराव ऐकू येई. मास्तरांना कार्यक्रमापेक्षा सराव आवडे. कार्यक्रमात गाणं संपून जातं. सरावात ते मध्येच तुटतं, आणि उरलेलं आपल्याला घरी नेता येतं. असं अर्धवट गाणं कानात घेऊन ते धुक्यातून परतत तेव्हा दिवे पाण्यात लांब होत, जहाजांचे भोंगे झोपेत कूस बदलल्यासारखे वाजत, आणि मास्तरांना कळेनासं होई की आपण चालतो आहोत की शहरच आपल्या खालून अलगद सरकतं आहे.

'फुकट' हा त्यांच्या लेखी सर्वोच्च शब्द झाला. चांदणं कसं होतं विचारलं तर म्हणत, "फुकट." मावळतीचा रंग? "अगदी फुकट." लोकांकडे पाहुणे आले की मास्तरांना बोलावणं येई, मास्तर पाहुण्यांना दिवसभर हिंडवत, एक पैसा खर्चू देत नसत, आणि पाहुणे पाय धरून परत येत. स्वतःचेच पाय.

रात्री जेवताना सगळा वृत्तांत बायकोला. बायको ऐके. ऐकता ऐकता सुईत दोरा ओवी.

अशात लेकीचा फोन आला. लेक डोंगरापलीकडच्या शहरात राहायची. तिथं समुद्र सोडा, नदीसुद्धा नावालाच. तिचं नवं घर झालं होतं, त्यात आईबाबांसाठी एक खोली होती, आणि खोलीला बाल्कनी. "आता दोघंही कायमचे इकडे या," ती म्हणाली. घरमालकाचं कागद-पेन्सिलींचं दुकान खालीच असल्यामुळे त्याच्या कानावर बातमी जिन्यावरूनच गेली. तो गोड माणूस. म्हणाला, "जाणार असाल तर महिनाअखेर कळवा, काकू. पुतण्याचं लग्न ठरलंय, त्याला शब्द देतो."

त्यांची सगळी दौलत अशी की एक चमचाभरही पेटीत घालून नेता येण्यासारखी नाही. पण स्वतः नाही कसं म्हणायचं? ते उदारपणे बायकोला म्हणाले, "तू म्हणशील तसं." त्यांना खात्री होती, ती नको म्हणेल. का म्हणेल, याचा विचार त्यांनी केला नव्हता. तो त्यांचा प्रांत नव्हता.

आणि एका दुपारी वाचनालयातली झोप अर्धी डोळ्यांत, अर्धी खांद्यावर घेऊन ते जिना चढत असताना वरून बायकोचा आवाज आला. ती फोनवर लेकीशी बोलत होती.

"नाही गं. इथली सगळी वर्षं फुकट गेली बघ."

मास्तर जिन्यातच थांबले. इतके दिवस ते बोलत होते आणि ती दोरा ओवत होती. आणि शेवटी तिच्या तोंडून हा शब्द आला. सगळी वर्षं. फुकट. एवढं मोठं प्रशस्तिपत्रक त्यांनी स्वतः समुद्रालासुद्धा दिलं नव्हतं. वर जाऊन तिला संकोचात पाडावं असं त्यांना वाटेना. ते पावलं न वाजवता उतरले आणि थेट घड्याळजीकडे गेले.

घड्याळजी त्यांचा जुना मित्र. दीपगृहाच्या रस्त्याला, एका जिन्याखाली त्याची टपरी होती. एका डोळ्याला भिंग लावून तो घड्याळाच्या पोटात बघत बसे, त्यामुळे एक डोळा जगाला मोठा दिसे आणि दुसरा कंटाळलेला.

"घड्याळजी, आमच्या हिनं आज काय म्हणावं?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, सगळी वर्षं फुकट गेली." मास्तरांचा चेहरा नुसता उजळला होता.

घड्याळजीनं चिमटा खाली ठेवला. भिंग काढलं. दोन्ही डोळे सारखे झाले तेव्हा त्यांत सारखीच काळजी होती.

"मास्तर, बसा जरा. पाणी घ्या."

"पाणी कशाला?"

"घ्या तर. हे बघा, दूध नासलं की आपण काय म्हणतो?"

"फुकट गेलं."

"ते गवळ्यानं फुकट दिलेलं असतं म्हणून?"

टपरीतली सगळी घड्याळं आपापली वेळ सांगत होती आणि कुणाचंच कुणाशी पटत नव्हतं. मग हळूहळू, ओहोटीला खडक उघडे पडावेत तसा त्या वाक्याचा दुसरा अर्थ त्यांच्यासमोर उघडा पडला.

"म्हणजे वाया?"

"आपल्या भाषेत तरी," घड्याळजी म्हणाला. "तुमच्या त्या खिडकीआडच्या भाषेत काय ते माहीत नाही."

मास्तर घरी आले. बायको कुणाच्या तरी कोटाची शिवण उसवत होती.

"तू फोनवर म्हणालीस, वर्षं फुकट गेली."

"जिन्यात उभं राहून ऐकता होय?"

"चढत होतो. कानावर पडलं."

तिनं कोट मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे हनुवटी केली. "हे काय आहे?"

"गोदाम."

"गोदामाची भिंत. लग्न करून समुद्राच्या गावाला आले म्हणून माहेरी सगळ्या हेवा करायच्या. मी ही भिंत बघत आले. तुम्ही नोकरीला होता तोवर ठीक होतं, दोघांनाही भिंतच होती. आता तुम्ही रोज येता आणि सांगता, पाणी असं होतं नि धुकं तसं होतं. रोज सांगता. एक दिवस 'चल' म्हणालात?"

"तुला काम असतं."

"विचारलंत?"

शहरातल्या समस्त पाहुण्यांना मास्तरांनी हिंडवलं होतं. कुणाच्या तरी आतेभावाच्या सासऱ्यालासुद्धा.

"लेकीकडे निदान बाल्कनी आहे," ती म्हणाली. "महिना संपायच्या आत मालकाला सांगून टाकते."

तिनं कात्री उचलली आणि कोट परत उसवायला घेतला.

"उद्या चल," मास्तर म्हणाले.

"उद्या दोन पँटी द्यायच्यात."

"मग परवा."

तिनं दोरा दातानं तोडला. "परवा चला."

परवाच्या सकाळी मास्तर असे सजून निघाले की जणू मुलगी बघायला जाताहेत. बायकोनं पाव, उकडलेल्या अंड्यांचा डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घेतली. मास्तरांच्या डोक्यात सगळा दिवस आखलेला होता: हे शहर तिच्यापुढे असं उलगडायचं, की बाल्कनीचं नाव काढायला तिला तोंड उरू नये. पण शहराला ते कुणी कळवलं नव्हतं.

लिलाव त्या दिवशी लवकर आटोपला होता. धक्क्यावर नुसती खवलं चमकत होती आणि एक मांजर हिशेब मिटवत होतं.

"रोज असा नसतो," मास्तर म्हणाले. "रोज काय ओरडतो तो. दोरीच वळतो शब्दांची."

"विकत घ्यायची नाही ती मासळी बघायला यायचं?" बायकोनं पदराचं टोक नाकाला लावलं.

संग्रहालय आठवड्यातून एक दिवस सगळ्यांना खुलं असे. मास्तर ऐटीत दारापाशी गेले, तर खुला दिवस बदलला होता. दाराशी तिकिटाची खिडकी होती. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस जुन्या सावकाराकडे बघतो.

"काढू या की तिकीट," बायको म्हणाली.

"छे. आतमध्ये एक जहाज आहे काचेत. बाकी मडकी."

"मग मडकी बघायला आणलंत का?"

खंदकात ओहोटी होती. चिखलात एक चप्पल होती, पण चिखलातली चप्पल दाखवून बायकोला जिंकता येत नाही एवढं मास्तरांनाही कळत होतं. संगीतशाळेत सुट्टी होती. फक्त ढोल वाजवणारा एकटा सराव करत होता. वाद्यवृंदातल्या ढोलवाल्याला बराच वेळ गप्प बसावं लागतं, त्यामुळे तोही बराच वेळ गप्प होता. ते दोघं खिडकीखाली उभे राहिले. मग एकदा धाडकन आवाज आला.

"झालं?" बायकोनं विचारलं.

"अजून एकदा वाजवील."

"माझ्या पायाची भोवरी दुखतेय हो."

गोदामांच्या गल्लीत तेवढी ती जरा थांबली. मास्तर वासांची नावं सांगायला लागले, तशी ती म्हणाली, "नाक आहे मला," आणि पुढे निघाली. मास्तर दिवसभर बोलत होते. घाबरलेला माणूस बोलतो तसे. हे बघ, ते बघ, इथून नाही, इकडून बघ. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच शहर दिसेनासं झालं होतं.

शेवटी समुद्राचा कठडा. तिथं ते मुद्दाम शेवटी आले होते. दोघांनी पाव-अंडी खाल्ली. दगड उन्हानं उबदार झाले होते. भर दुपारची वेळ, पाण्यावर एक पांढुरकी झाक, क्षितिज कुणी खोडरबरानं पुसल्यासारखं. लांबची गलबतं पाण्यावर आहेत की हवेत टांगलेली, काही सांगता येत नव्हतं. लाटा येत होत्या त्याही न बोलता, लाज वाटल्यासारख्या.

"आता बघ," मास्तर म्हणाले. "आता इथं थोड्या वेळानं..."

आणि थोड्या वेळानं काय होतं ते सांगायच्या आधीच त्यांना झोप लागली.

झोपेत ते खोपट्यात होते. समोर तो अर्धगोल उजेड. हात येत होते, एकामागून एक, पण तिकिटं संपली होती. मास्तर म्हणत होते, तिकीट नाही, असेच जा, सगळं खुलं आहे. हात ऐकत नव्हते. तळवे उघडून थांबत होते. मग एक हात आला. बोटांच्या टोकांना सुईनं टोचून टोचून बारीक खडबड झालेला. त्यानं काही मागितलं नाही. तो नुसता चौकटीवर टेकून राहिला, दमून कुणी उंबऱ्यावर बसावं तसा. मास्तरांना त्या हाताच्या वरचा चेहरा बघायचा होता. ते वाकले. आणखी वाकले. गाल फळीला टेकला, कान टेकला, भोक मात्र जेवढं होतं तेवढंच राहिलं आणि पाठीमागे समुद्र भरत चालला...

जाग आली तेव्हा गाल पिशवीतल्या डब्याच्या झाकणावर होता. ते कलंडू नयेत म्हणून कुणीतरी पिशवी उशाला लावून ठेवली होती. ते 'कुणीतरी' शेजारी नव्हतं.

मास्तर ताडकन उठले. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. उन्हं कलली होती, थोड्या वेळानं जे होतं ते आता ऐन रंगात होऊ घातलं होतं, पाणी वितळलेल्या पितळेसारखं झालं होतं; पण मास्तरांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्या मनात एकच: ही मालकाकडे गेली. नवरा घोरत असताना उठून सरळ खोली सोडल्याचं सांगायला गेली.

ते पिशवी छातीशी धरून धावत दुकानात गेले. मालक रबरं रचत होता.

"आमच्या हिनं काही सांगितलं?"

"काकू आल्याच नाहीत. पण उत्तर राहिलंय, मास्तर. पुतण्या विचारतोय."

मास्तर जिना चढले, दाराला कुलूप. वाचनालयात गेले. धक्क्यावर गेले, तिथं मांजर झोपलं होतं. शेवटी घड्याळजीच्या टपरीशी येऊन धापा टाकत उभे राहिले.

"काकूंना शोधताय?" घड्याळजीनं भिंगातून विचारलं. "मघाशी पाहिलं ना मी. कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या."

मास्तरांनी टपरीची फळी धरली. "कोर्टाच्या?"

"चांगल्या भरभर चढत होत्या."

"घड्याळजी, एका दिवसात कुणी घटस्फोट मागतं का हो?"

"वकील लागतो त्याला. त्या एकट्या होत्या." घड्याळजीनं जरा विचार केला. "पण चढत होत्या भरभर."

बंदराजवळचं ते जुनं दिवाणी कोर्ट मास्तरांनी आयुष्यात बाहेरूनच पाहिलं होतं. उंच कमानी, कमानींत कबुतरं आणि कबुतरांखाली वकील. तिथं आपण होऊन कुणी जातं ही कल्पनाच त्यांच्या फुकटच्या नकाशात नव्हती. दाराशी शिपाई स्टुलावर बसला होता. मास्तरांचा हात सवयीनं खिशाकडे गेला.

"आत जायला काय लागतं?"

"काही नाही. खुलं कोर्ट आहे. बसा, ऐका. मोबाइल बंद, तोंड बंद."

आत अंधारा गारवा होता. पंखा इतका हळू फिरत होता की त्याची पाती मोजता यावीत. शेवटच्या बाकावर, चपला काढून, पाय पोटाशी घेऊन बायको बसली होती, आणि तिचा चेहरा असा काही खुलला होता की मास्तर क्षणभर दुसऱ्याच कुणाच्या बायकोकडे बघतो आहोत म्हणून ओशाळले. ते जवळ जाऊन म्हणाले, "अगं, मी सगळं शहर..."

"शूः. बसा. धाकट्याची उलटतपासणी चाललीय."

मास्तर बसले.

"इथं कशी आलीस?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"बाथरूम शोधत होते. तुमच्या फुकटच्या शहरात तेवढं एक कुठं नाही. इथलं स्वच्छ आहे. येताना भांडण ऐकू आलं." तिनं समोर बोट केलं. "सख्खे भाऊ आहेत. बापानं एकच होडी मागे ठेवली. वाटणी झाली. पुढचा अर्धा भाग थोरल्याचा, मागचा धाकट्याचा."

"होडीची अशी वाटणी होते?"

"झाली ना. शीड थोरल्याकडे, सुकाणू धाकट्याकडे. हा शीड देत नाही, तो सुकाणू देत नाही. होडी वाळूवर पडून आहे. आता थोरला म्हणतो, माझा अर्धा भाग मला कापून द्या."

पुढे वकील विचारत होता, "होडीत भोक पडलं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काही नाही साहेब," धाकटा म्हणाला. "भोक त्याच्या अर्ध्यात होतं."

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. बायकोनं मास्तरांचं मनगट धरलं, दाबलं. "आता थोरल्याची बायको उठेल बघा. मघापासून पदर खोचतेय." आणि खरोखरच ती उठली, म्हणाली की सुकाणू धाकट्या जाऊबाईंनी कपडे वाळत घालायला लावलं आहे, आणि शिपायानं तिला खाली बसवलं. मास्तर ऐकत होते खरे. पण ते बघत होते बायकोकडे. ओठ किंचित उघडे, भुवया वर, एकेका वाक्यावर मान हलते आहे. हा चेहरा त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. किती वर्षं तो त्यांच्यासमोर दोरा ओवत होता, कुणास ठाऊक. मास्तर गप्प बसले. दिवसभरात पहिल्यांदाच, आणि शिपायाच्या भीतीनं नव्हे. वरच्या झरोक्यातून एक तिरपा कवडसा आला होता, त्यात धूळ सावकाश फिरत होती, आणि बाहेरून बंदराची गाज भरून येत होती. त्या कवडशात थोरला, धाकटा, वकील, सगळे पाण्याखालून बोलल्यासारखे दिसत होते.

मग न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

"म्हणजे?" बायको म्हणाली. "निकाल?"

"निकाल आज नाही, काकू," शिपाई म्हणाला. "पुढल्या महिन्यात."

"पुढल्या महिन्यात नक्की?"

शिपाई हसला. इतक्या निरागस माणसाशी त्याची बऱ्याच दिवसांत गाठ पडली नसावी.

बाहेर पडले तेव्हा दीपगृह लागलं होतं. त्याचा झोत धुक्यावरून हात फिरवल्यासारखा जात होता. मास्तरांना सांगावंसं वाटलं, हे बघ. ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते तिथंच ठेवलं. ती स्वतःच बघत होती, आणि तिच्या वेगानं बघत होती. चालता चालता ती एकदा म्हणाली, "भोक त्याच्या अर्ध्यात," आणि एकटीच हसली.

दुकान अजून उघडं होतं. मालकानं दोघांना पाहिलं. "काकू, काही ठरलं का?"

"ठरलं," ती म्हणाली. मास्तरांनी पिशवी घट्ट धरली. "खोली आम्ही सोडत नाही. कोर्टाचं काम निघालंय."

मालकाच्या हातातलं रबर खाली पडलं. "कोर्टाचं?"

"आत्ता तिथूनच येतोय. पुढल्या महिन्याची तारीख मिळाली."

"काकू," मालकाचा रंग पार उतरला, "एवढ्यासाठी कोर्टात कशाला जायचं? मी काय निघा म्हटलं का? राहा की. पुतण्याचं मी बघतो. त्याच्या सासऱ्याचंच घर मोठं आहे."

मास्तर प्रामाणिक माणूस. गैरसमज दूर करावा म्हणून त्यांनी तोंड उघडलं. बायकोचा पाय अंधारात त्यांच्या पायावर पडला, भोवरीची पर्वा न करता.

"बघू," ती मालकाला म्हणाली. "आता जे होईल ते कोर्टातच."

जिन्यात मास्तर म्हणाले, "अगं, त्याला वाटलं आपण त्याच्यावर..."

"मी काही खोटं बोलले?"

नव्हती. मास्तरांनी दोन पायऱ्या विचार करून पाहिला.

रात्री ती लेकीशी बोलली. बाल्कनीला पडदे लावू नकोस, म्हणाली, आम्ही उन्हाळ्यात राहायला येऊ, पण येऊ ते परतीचं तिकीट काढून. लेक काहीतरी म्हणाली. "अगं, दोन भाऊ आहेत," बायकोनं सुरुवात केली, आणि मास्तर पोळ्या झाकून ठेवून झोपायला गेले तरी थोरल्याची बायको अजून उठायचीच होती.

सकाळी मशीनचा आवाज आला नाही. मास्तर चहा घेऊन बसले होते. बायको समोर उभी राहिली, पदर खोचलेला, पायांत चपला.

"ती होडी कुठल्या वाळूवर आहे म्हणे?"

मास्तरांना ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "विचारत जाऊ."

विचारत विचारत गेले. होडी धक्क्यापलीकडच्या वाळूत एका कुशीवर पडली होती. थोरल्यानं आपला अर्धा भाग निळा रंगवला होता, धाकट्यानं हिरवा, आणि मध्ये जिथं रंग भेटत होते तिथं दोघांनीही काटेकोरपणे एक बोट जागा सोडली होती. ती तेवढी लाकडाची. बायकोनं होडीभोवती एक चक्कर मारली, भोकात हात घालून पाहिला, आणि निळ्या बाजूच्या सावलीत फतकल मारून बसली. समोर समुद्र होता, अगदी पायांशी.

"कुणाचं खरं वाटतं तुला?" मास्तरांनी विचारलं.

तिनं पाण्याकडे बघत पाय लांब केले.

"अजून साक्षी व्हायच्यात," ती म्हणाली. "सरका जरा, ऊन येतंय."

ऊन चढत गेलं तशी सावली सरकत गेली, सावलीमागे ती, आणि तिच्यामागे मास्तर, असे दोघंही दुपारपर्यंत सावकाश धाकट्याच्या मालकीत आले.